मारुतीला तेल, टाटाला ताशा: ब्रँडवरच्या विनोदांत खरं किती?

स्टेपनी_वाटेत

सेकंडहँड गाडी बघतोय, बजेट सहा लाखांच्या आत. वापर मुलुंड ते लोअर परळ, येऊन-जाऊन साधारण ५० किमी, त्यातला निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. महिन्यातून एखादी खेप घाट चढून पुण्याला. गाडी सोसायटीत उघड्यावर, झाडाखाली उभी राहणार.

अडचण अशी, की कुठल्याही गाडीचं नाव काढा, समोरच्याकडे विनोद तयार असतो. आतापर्यंत जमलेले:

मारुतीला टेकून उभं राहू नये, पोचा पडतो. पण शनिवारी तेल घातलं की वर्षभर पावते.
टाटा घेतली की ढोल-ताशा पथक फुकट.
स्कोडा-फोक्सवॅगनचा मालक म्हणजे उलटा जावई. सर्व्हिस सेंटरला जाईल तेव्हा मानपान होतो, आहेर मात्र त्यानेच करायचा.
होंडाचं इंजिन नातवंडं चालवतील, बूड पहिल्याच स्पीडब्रेकरला जाईल.
इनोव्हाचा ड्रायव्हर रिटायर होतो, इनोव्हा नाही.

माझ्या यादीत २०१७-१८ च्या सुमाराच्या गाड्या आहेत: डिझायर डिझेल, पोलो, आय-ट्वेंटी पेट्रोल, होंडा सिटी, बलेनो ऑटोमॅटिक. यातल्या कुठल्या विनोदामागे खरोखरचा पार्ट आहे आणि कुठला नुसताच पिढीजात? आणि गाडी बघायला गेल्यावर हात कुठे घालायचा? एक विनंती, ‘आमची चार लाख चालली, पाना लागला नाही’ असले दाखले नकोत.

टॅपेट_कव्हर

सगळ्यात मोठा विनोद तुमच्या यादीत नाहीच. ज्या डिझायरला लोक ‘शेवटी मारुती ती मारुती’ म्हणतात, तिचं डिझेल इंजिन फियाटचं आहे.

१.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा एका बाजूला. व्हिस्टा, मांझा, झेस्ट दुसऱ्या. पुंटो आणि लिनिया घरच्याच. शेव्हरोलेच्या सेल आणि एन्जॉयमध्येही तेच. एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-सहा नियम आले आणि ते इंजिन गेलं. तोवर मारुतीच्या बॉनेटखाली ते ‘भरवशाचं’, टाटाच्या बॉनेटखाली ‘खडखडतं’ आणि फियाटच्या बॉनेटखाली ‘पार्ट मिळत नाहीत’. ब्लॉक तोच! फरक होता टर्बोच्या प्रकारात, ट्यूनिंगमध्ये, माउंटिंगमध्ये आणि गल्लोगल्लीच्या वर्कशॉपमध्ये. फियाटबद्दलच्या तक्रारीत तथ्य होतं, पण ते बंपर, हेडलाइट आणि डीलरच्या संख्येपुरतं.

या इंजिनाची खरी दुखणी कुठल्याही लोगोखाली सारखीच आहेत.

पहिलं, २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. सायनच्या रांगेत लोक अर्ध्या क्लचवर गाडी ढकलत नेतात आणि क्लच प्लेट वेळेआधी जाते. बघायला गेलात की तिसऱ्या गिअरमध्ये २५-३० च्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी जागच्या जागी राहिली, तर प्लेट संपली. किमतीतून तेवढे वजा करा.

दुसरं, टायमिंग चेन. ‘चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे आयुष्यभर बघायला नको’ हे मत निम्मंच खरं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला उशीर झाला, की तो ढिला पडतो आणि चेन लांबते. रात्रभर उभ्या गाडीला पहिला स्टार्टर मारला की दोन-तीन सेकंद साखळी फरफटल्यासारखी खरखर येते. तो आवाज आला तर गाडी सोडा.

म्हणजे शनिवारच्या तेलाचा विनोद सोळा आणे खरा. कंपनी म्हणते १० हजार किमी किंवा वर्ष. आता तुमचा रस्ता घ्या. ५० किमीला पावणेतीन तास लागले, तर सरासरी १८ चा वेग. त्या हिशेबाने १० हजार किमी म्हणजे इंजिन साडेपाचशे तास फिरलं. हायवेला ६० च्या सरासरीने तेच १६७ तासांत होतात. मीटर किलोमीटर मोजतो, ऑइल तास मोजतं. तुमच्या वापराला ७ हजारावर ऑइल आणि फिल्टर, कुठलीही कंपनी असो.

पोच्याबद्दल एवढंच, की बाहेरचा पत्रा सगळ्याच छोट्या गाड्यांना एक मिलिमीटरच्या आतला असतो. धडकेत जीव वाचवतो तो आतला सांगाडा, आणि तोही मॉडेलनुसार बदलतो. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२० साली एस-प्रेसोला शून्य तारे मिळाले, २०२४ साली नव्या डिझायरला पाच. मारुतीच्याच की दोन्ही.

फियाट_होती_तेव्हा

हे सगळं ठीक आहे, पण खरी टिकाऊ गाडी कुर्ल्यातच बनायची. प्रीमिअर पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत पास झाली, आणि रस्त्यावरून गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरात, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. गाडी संपली म्हणून नव्हे. आजच्या गाड्या वीस वर्षं टॅक्सीत चालवून दाखवा, मग विनोद करा.

टॅपेट_कव्हर

मान्य, पण ‘बिघडत नव्हती’ आणि ‘फूटपाथवर दुरुस्त होत होती’ यांत फरक आहे, काका. पद्मिनीला काँटॅक्ट पॉइंट घासायचे, गॅप बसवायची, कार्बोरेटर उघडून जेट फुंकायचा, टॅपेट सेट करायचे, उन्हाळ्यात रेडिएटरवर डोळा ठेवायचा. या कामांना पाने आणि पॉलिश पेपर पुरायचा, म्हणून ती टिकली. आजच्या गाडीत यातली बहुतेक कामं उरलेली नाहीत. उलट आज एखादा सेन्सर गेला, तर फूटपाथवर काहीच करता येत नाही. टिकाऊपणा तेव्हा निम्मा मिस्त्रीचा होता. त्याला पद्मश्री द्या, गाडीला नको.

फियाट_होती_तेव्हा

मिस्त्रीला पद्मश्री आणि गाडीला पद्मिनी. चालेल.

अर्धा_क्लच

यादीत ऑटोमॅटिक आणि फोक्सवॅगन दोन्ही आहेत म्हणून लिहितो. उलट्या जावयाचा विनोद मुख्यतः एका गिअरबॉक्सवर उभा आहे. फोक्सवॅगन-स्कोडाचा ऑटोमॅटिक बॉक्स म्हणजे डीएसजी, त्याचा सात गिअरचा ड्राय क्लचवाला प्रकार, डीक्यू-२००. यात दोन कोरड्या क्लच प्लेट असतात, त्यांना थंड करायला ऑइल नाही, आणि त्या दाबायचं काम मेकॅट्रॉनिक नावाचा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक ठोकळा करतो. मोकळ्या रस्त्यावर बॉक्स सुरेख. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर संध्याकाळी सात वाजता मात्र तो दर पाच सेकंदांनी अर्धा क्लच खेळतो आणि तापतो. लक्षणं ठरलेली: पहिल्याचा दुसरा पडताना थरथर, रिव्हर्स टाकल्यावर सेकंदभर काहीच न होणं, मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकणं. तिसरं दिसलं तर तिथूनच परत फिरा, कारण मेकॅट्रॉनिकचं बिल जुन्या पोलोच्या किमतीशी स्पर्धा करतं.

आता गंमत बघा. पोलो जीटी टीएसआयमध्ये तो बॉक्स आहे. साध्या पोलोत मॅन्युअल, म्हणजे विनोद लागूच नाही. त्याच काळातल्या स्कोडा रॅपिड १.६ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून चाकांकडे नेणारा बॉक्स), तिथेही लागू नाही. लोगो बघून शिवी घालणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं, आणि लोगो बघून आरती करणाऱ्यालाही.

पोलो १.५ डिझेल मॅन्युअल बघितलीत तर प्रश्न वेगळा विचारा: टायमिंग बेल्ट कधी बदलला? बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. बदलताना टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप त्याच वेळी टाकून घ्यायचे, कारण मजुरी एकदाच पडते. नुसता बेल्ट बदललेलं बिल म्हणजे अर्धवट काम. (रिटायर न होणारी जुनी २.५ ची इनोव्हाही बेल्टचीच आहे, बरं का. तिला अमर ठेवतो तो वेळेवर बदललेला बेल्ट. २.४ ची क्रिस्टा चेनवर आली.)

मुंबईच्या रांगेसाठी माझा क्रम: टॉर्क कन्व्हर्टर, मग सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्यांऐवजी पट्ट्यावर चालणारा बॉक्स), मग एएमटी, शेवटी ड्राय क्लच डीएसजी. टॉर्क कन्व्हर्टर पेट्रोल पितो, पण रांगेत घासायला त्याच्याकडे क्लच प्लेटच नसते. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच बॉक्स, क्लच दाबायला माणसाऐवजी ॲक्च्युएटर. उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली की प्लेट जळाल्याचा वास येणारच. डीएसजीलाही हाच नियम: उभं राहायचं तर ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. आणि पुढे दोन गाड्यांची जागा झाल्याशिवाय हलू नका. मागचा हॉर्न वाजवणारच, वाजवू द्या. क्लचचे पैसे तो भरणार नाही.

स्टेपनी_वाटेत

दोघांचेही आभार. बलेनो ऑटोमॅटिक आणि ग्लान्झा ऑटोमॅटिक यात काही फरक? विकणारा म्हणतो टोयोटाची आहे, म्हणून पन्नास हजार जास्त.

अर्धा_क्लच

पन्नास हजारांचा लोगो! ग्लान्झा २०१९ साली आली ती बलेनोचंच बारसं करून. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा सगळं मारुतीचं. नवीन असताना टोयोटा तीन वर्षं किंवा एक लाख किमीची वॉरंटी द्यायची आणि मारुती तेव्हा दोन वर्षं-४० हजार, एवढाच अर्थ त्या जादा पैशांना होता. तुम्ही बघताय त्या गाडीची वॉरंटी कधीच संपली. २०२३ पासून मारुती इन्व्हिक्टो म्हणजे टोयोटाची हायक्रॉस, तेव्हा आता उलट्या दिशेने विनोद करायलाही हरकत नाही.

वर्ष मात्र नीट बघा. २०२२ च्या आधीची बलेनो-ग्लान्झा ऑटोमॅटिक सीव्हीटी आहे, नंतरची एएमटी. सीव्हीटीत फ्लुइड बदलल्याचं बिल मागा. ‘लाइफटाइम फ्लुइड आहे’ म्हणाला, तर कोणाची लाइफ ते विचारा. आणि त्या खोक्यात साधं गिअर ऑइल कधीच नाही, फक्त कंपनीने सांगितलेलं सीव्हीटी फ्लुइड. पट्टा एकदा घसरायला लागला की बॉक्सच बदलतात.

ड्रेन_होल

वरच्या दोघांनी लोगोचं निपटलं, मी मुंबईचं सांगतो. इथे सेकंडहँड गाडीत ब्रँडच्या आधी पाणी बघायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला ते सगळ्यांना पाठ आहे, पण गाडी बुडायला तेवढा लागत नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल इथे भरतीच्या वेळचा एक जोरदार तास पुरतो.

बुडालेली गाडी अशी ओळखा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस सगळं धुतो, पण बेल्टची रिळात राहणारी शेवटची वीतभर पट्टी धूत नाही. तिथे चिखलाची आडवी रेघ असते. मग सीट पूर्ण मागे सारून रुळाचे बोल्ट बघा, तांबूस गंज दिसला तर पाणी सीटपर्यंत आलं होतं. डिकीत स्टेपनी उचला, खळग्यात बारीक गाळ असतो. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या पिना हिरवट झाल्यात का ते टॉर्चने बघा. आत शिरताच परफ्यूमचा भपकारा आला, तर मॅट उचलून नाक लावा.

होंडा सिटीच्या बुडाबद्दल. २०१७ च्या सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, त्याच वर्षीच्या डिझायरचा १६३. मग घासते सिटीच का? कारण सिटीच्या दोन चाकांमधलं अंतर २६०० मिमी आणि डिझायरचं २४५०. पुढची चाकं उतरली तरी मागची चढलेली नसतात आणि मधलं पोट स्पीडब्रेकरवर टेकतं. मागे तिघं बसले की आणखी खाली. उपाय फुकट आहे: तिरकी घ्या, एक-एक चाक चढवा. बघायला गेलात की खाली वाकून सायलेन्सरचा पाइप आणि ऑइलची टाकी चेपली आहे का तेवढं तपासा. टाकी चेपली असेल तर ऑइल शोषणारी जाळी तळाला चिकटून दाब कमी पडू शकतो.

ढोल-ताशाबद्दल. खडखड हा रोग पेव्हर ब्लॉकचा आहे, तो टाटाला लवकर ऐकू येतो एवढंच. (पहिली इंडिका १९९८ ची, तिच्यात खरंच बऱ्याच कुरबुरी होत्या. २००१ ला व्ही-टू काढून बऱ्याचशा मिटवल्या, तरी लोक अजून तीच कॅसेट वाजवतात.) काचा उघड्या ठेवून १०-१५ च्या वेगाने पेव्हर ब्लॉकवरून चालवा. हलकं टक-टक आलं तर लिंक रॉड, स्वस्तातलं काम. जड धप्प आलं तर शॉकअपचं वरचं माउंटिंग. कुईं-कुईं आलं तर लोअर आर्मचा बुश; खात्री करायची तर बुशवर बाटलीने पाणी मारा, पाच मिनिटं आवाज थांबला तर तोच. तिन्ही ठिकाणी ठीक असूनही आवाज येत असेल, तर दाराच्या आतल्या पॅनलची क्लिप तुटलेली असते. त्याला टाटा नव्हे, आधीच्या मालकाने बसवलेले स्पीकर जबाबदार.

एसी दोन वेळा तपासा, उभी असताना आणि चालताना. चालताना गार आणि सिग्नलला गरम, तर कंडेन्सरचा पंखा. तासाभराने वाऱ्याचा जोरच कमी झाला, तर कॅबिन फिल्टर तुंबलाय किंवा कॉइलवर बर्फ धरतोय. वरळी सीफेस किंवा मरीन ड्राइव्हला उघड्यावर राहिलेल्या गाडीचा कंडेन्सर खाऱ्या हवेने लवकर गळतो. ग्रिलमधून टॉर्च मारा, पात्यांचा भुगा झालेला दिसतो.

आता तुमचं झाड. पावसाळ्यात दर आठवड्याला बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीतली पानं काढा. तिथलं ड्रेन तुंबलं की पाणी फ्यूज बॉक्सकडे किंवा शेजारच्या सीटच्या पायाशी येतं आणि लोक ‘कंपनीचं सील खराब’ म्हणून शिव्या देतात. दारांच्या तळाशी बारीक भोकं असतात, तीही काडीने मोकळी ठेवा. नाहीतर दार हलवल्यावर माठासारखा डुबुक आवाज येतो आणि दोन पावसाळ्यांत तळ सडतो. उंदीर येणारच. लोक तंबाखूची पानं ठेवतात, आणि मग मुंबईचा उंदीर त्याला चुना शोधतो. एअर फिल्टरचा बॉक्स उघडून बघा, घरटं तिथेच सापडतं.

अर्धा_क्लच

एक राहिलं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि डिझेलला कॉम्प्रेशन जास्त म्हणून तिथे हमखास. साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बहुधा नाकारतात, इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. मुंबईत सनरूफपेक्षा ते आधी घ्या.

सीएनजी_लाइन

रोज ५० किमी म्हणताय आणि सीएनजीचं नाव कोणीच काढलं नाही? घेतलीत तर कंपनी फिटेड घ्या. सिलिंडरच्या प्लेटवर हायड्रो टेस्टची तारीख बघा, दर तीन वर्षांनी करावी लागते. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पंप कोरडा फिरून जळतो. प्लग पेट्रोलपेक्षा लवकर बदला. आणि घाटात डिकीतल्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील, त्याला कुठलीच कंपनी जबाबदार नाही.

टॅपेट_कव्हर

आय-ट्वेंटी १.२ पेट्रोलबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही नाही. चेनचं इंजिन, मॅन्युअल बॉक्स, हलका क्लच. घाटात चौघं आणि एसी असले तर दुसऱ्या गिअरमध्ये न्यावी लागते, एवढीच तक्रार. माझं मत विचाराल तर तुमच्या रस्त्याला हीच, नाहीतर सीव्हीटीची सिटी.

सोबत ओबीडीचं ब्लूटूथ स्कॅनर न्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड त्यावर वाचता येतात. नुसते कोड बघू नका, त्यात ‘रेडिनेस’ म्हणून पान असतं. सगळे कोड स्वच्छ पण रेडिनेसमधल्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर विकणाऱ्याने बहुतेक काल रात्रीच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. दोन-तीन दिवस चालवून पुन्हा दाखव म्हणावं.

स्टेपनी_वाटेत

रविवारी सकाळी सातला ठाण्यात एक आय-ट्वेंटी आणि ऐरोलीत एक डिझायर डिझेल बघतोय. दोघांनाही सांगून ठेवलंय, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.

टॅपेट_कव्हर

सांगितलंत ते बरं केलंत, पण पोचल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवा. डिझायर कोमट लागली, तर चहा पिऊन या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सहाला जा.